पितळी पाटी आणि पाहुणी

मुंगीच्या हातून काही चांगलं झालं की ते बापाकडच्या घराण्यातून आलेलं असायचं, आणि काही बिघडलं की ते आईकडचं. मुंगी पाळण्यात होती तेव्हापासून आत्याने हा निवाडा करून ठेवला होता, आणि त्यात आजवर एकदाही फेरबदल झाला नव्हता. घोड्यावरची मांड पक्की, ती आजोबांची. लगामावरचा हात हलका, तो खुद्द आत्याचा. उडी घेताना उजवी टाच वर जाते, ती मात्र आईची. आई जन्मात कधी घोड्यावर बसली नव्हती. मग तिची टाच वर जाते की खाली, हे आत्याला कुठून कळलं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. आईचे वडील नालबंद होते, एवढं आत्याला पुरेसं होतं. आपले वडील घोड्यावर बसणारे आणि हिचे घोड्याच्या पायाशी बसणारे, असं ती म्हणायची, आणि म्हणताना आवाजही खाली आणायची नाही.

त्याच थोर रक्ताचा मुंगीचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि स्टुलावर चढून बल्ब बदलायचा झाला तरी एका हाताने भिंत धरायचा. त्याचं नाव या निवाड्यात कधी निघत नसे.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चण लहान, दिवसभर कामात, आणि आवाज इतका हळू की समोरच्याने कान पुढे करावा, म्हणून घरात पडलेलं नाव. आत्याच्या पागेत ती लहान मुलांना पोनीवर बसायला शिकवायची. आत्या एके काळची अडथळ्यांच्या शर्यतीतली विजेती. तिच्या पागेच्या भिंतीवर तिचे फोटो होते, आजोबांचे होते, आजोबांच्या घोड्यांचे होते, त्या घोड्यांच्या आईबापांचेही होते. सव्वीस वर्षांची झाली तरी मुंगी स्पर्धेत दुसऱ्यांचे घोडे घेऊन उतरायची. घोड्याच्या मालकाचा मूड असेल तर, आणि त्याला स्वतःला त्या दिवशी दुसरं काम असेल तर.

यंदा आत्या आपण होऊन म्हणाली होती, "पुरे झालं उसनवारीचं. स्वतःचा घोडा घे. निम्मे पैसे मी घालते. हंगामाच्या पहिल्या स्पर्धेत आपल्या पागेच्या नावाने उतर."

मुंगीला भरून आलं होतं. तेवढ्यात आत्याने बोट वर केलं होतं. "पण घोडा कागदाचा हवा. आई कोण, बाप कोण, आजा कोण, सगळं लिहिलेलं. बिनकागदाचं जनावर माझ्या पागेत उभं राहणार नाही."

म्हणून आज हे तिघे गाडीत होते. गाडी बाप चालवत होता. पुढे आत्या, मांडीवर घोडीच्या वंशावळीचा कागद उलगडलेला. मागे मुंगी, शेजारी हेल्मेट.

"वाचलीस का नीट?" आत्याने मागे न बघता विचारलं.

"वाचली."

"आजोबा कोण?"

"घोडीचे?"

"नाही, माझे!"

बाप हसला. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उगाचच गिअर बदलला.

त्यांना अकराची वेळ दिली होती. ते दहालाच फाटकाशी पोचले, कारण हा आत्याचा नियम होता. विकणाऱ्याकडे दिलेल्या वेळेआधी जायचं. वेळेवर गेलं की घोडा आधीच तासभर पळवून, त्याचा माज उतरवून, धुऊनपुसून तुमच्यापुढे उभा करतात, आणि मग तुम्ही म्हणता, किती हो शांत! आत्या अशा कुणाला फसणारी नव्हती. फसवणाऱ्याला वेळच द्यायचा नाही, म्हणजे झालं.

तबेला नीटनेटका होता. लांब बोळ, दोन्ही बाजूंना घोड्यांचे खण, ओल्या फरशीचा आणि गवताचा वास. मालकीण जागेवर नव्हती. दाढीचं जंगल वाढलेला एक धिप्पाड मोतद्दार नळी धरून एक रिकामा खण धूत होता.

"मालकीणबाई बाहेरच्या कुरणात गेल्यात. येतीलच," तो म्हणाला. "बसा. मला सगळे अस्वल म्हणतात, तुम्हीपण म्हणा."

आत्या कसली बसते! ती सरळ बोळात शिरली. मधल्या मोठ्या खणाच्या दारावर लखलखती पितळी पाटी होती. वर घोडीचं नाव, महाराणी, आणि खाली आईबापांची, आज्यापणज्यांची नावं बारीक अक्षरांत कोरलेली. आत एक कुमैत घोडी उभी होती. तांबूस अंग, काळी आयाळ, कुठे पांढरा ठिपकाही नाही. तिने तोंडातलं गवत चावत चावत या मंडळींकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

आत्याने आधी पाटी वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत. मग घोडीकडे पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला.

"बघ," ती मुंगीला म्हणाली. "आधी खांदा बघ. आपल्या भिंतीवर हिच्या पणजोबांचा फोटो आहे, आठवतो? तंतोतंत तोच खांदा. आणि मान! अशी मान बाजारात मिळत नाही, ती घराण्यातून यावी लागते."

"मला सगळ्या घोड्यांचे खांदे सारखेच दिसतात," बाप दाराबाहेरून म्हणाला.

"तुला दिसणारच." मग अस्वलाकडे वळून, "हिला बाहेर काढा. खोगीर घाला."

अस्वलाने नळी बंद केली. "हिला? पण बाई, ही तर..."

"हिलाच."

"नाही, मी काय म्हणतो, आज सकाळी..."

"आज सकाळी काय केलंत ते तुमच्यापाशी ठेवा. मला घोडी आहे तशी बघायची आहे, आणि आत्ता बघायची आहे, तुमच्या मालकीणबाई यायच्या आत. चला."

अस्वलाने दाढी खाजवली. मग खांदे उडवले आणि खोगीर आणायला गेला.

रिंगणाच्या फाटकापाशी तो घोडीच्या पोटाखालचा तंग आवळत होता. मुंगी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा एक रोजचा नेम होता. चढण्याआधी घोड्याच्या खांद्याला हात लावायचा, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात त्याची परवानगी मागायची. समोर पागेतला म्हातारा पोनी असो नाहीतर कुणाचा पट्टीचा घोडा, हा नेम चुकत नसे. आजही तिने हात ठेवला. घोडीने श्वास सोडला, लांब, गरम.

"झाली का पूजा?" आत्या कठड्यापाशी उभं राहून ओरडली.

अस्वल तंगाच्या बक्कलावर वाकला होता. तो दाढीतल्या दाढीत म्हणाला, "ताई, ही ती नाही. ती कुरणात आहे. ही पाहुणी. हिचा खण धुवायला काढला म्हणून हिला तिच्या रिकाम्या खणात बांधली होती. बाई ऐकूनच घेत नाहीत."

मुंगीचा हात घोडीच्या खांद्यावरच राहिला. "पाहुणी?"

"विकत घेतलेल्या पोनींच्या गाडीतून चुकून आली, ती राहिलीच. आई माहीत नाही, बाप माहीत नाही. नऊ वर्षांची आहे. मालकीणबाईंची मुलगी तीन हंगाम हिच्यावर खेळली, आता ती शिकायला लांब गेली, म्हणून हीपण विकायला काढलीय, महाराणीच्या निम्म्या किमतीला."

सांगायला हवं होतं. मुंगीने मान वळवून तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात कठड्यावरून आवाज आला, "आणि ती टाच सांभाळ! एवढ्या घराण्याच्या घोडीवर तुझ्या आईकडची टाच घेऊन बसू नकोस!"

मुंगीने तोंड मिटलं. रिकिबीत पाय घातला आणि वर चढली.

पाहुणी सावकाश निघाली. आधी तिने रिंगणाचा एक फेरा नुसता चालून घेतला, जणू कुठे काय ठेवलंय ते बघून घ्यावं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडला. तिने एक कान तिकडे केला, एक मुंगीकडे ठेवला, आणि पाऊल न चुकवता पुढे गेली. दुडकीत तिची पाठ झुलत होती, पण दणके देत नव्हती. धावत्या चालीत मुंगीने लगाम जरा आवळला, घोडीने पावलं आखूड केली. सैल सोडला, तिने मान लांब केली. मुंगीला वाटलं, हिच्याशी मोठ्याने बोलावं लागत नाही.

मग अडथळे. पहिला छोटा, दुसरा जरा उंच. तिसऱ्याला मुंगीची चूक झाली. तिने अंतर चुकीचं धरलं आणि लांबूनच उडीचा इशारा दिला. दुसऱ्या एखाद्या घोडीने तिथूनच झेप टाकली असती आणि दांडे पायाने उडवले असते, नाहीतर बसणारीलाच उडवलं असतं. पाहुणीने काही केलं नाही. एक आखूड पाऊल जास्तीचं घातलं, वाट पाहिली आणि जवळून, नीट, मुंगीला उचलून पलीकडे नेलं. मुंगीची टाच वर गेली, मांड हलली, तरी घोडी तिच्याखालून सरकली नाही.

कठड्यापाशी आत्याने टाळी वाजवली. आत्या टाळी वाजवत नसे.

"पाहिलंस?" तिने भावाचा दंड धरून हलवला. "पोरीने चूक केली आणि घोडीने सावरली! शेवटच्या क्षणी पाऊल घातलं! ही अक्कल शिकवून येत नाही, दादा. याला पिढ्या लागतात. रक्त बोललं बघ, रक्त!"

आत्या धाकट्या भावाला दादा कधी म्हणायची तर फार खूश असली तरच. एरवी तो नुसता "अरे" होता.

मुंगी कठड्यापाशी आली. आत्याने हात लांबवून घोडीच्या मानेवर फिरवला, खांद्यावर थोपटलं. तिचे डोळे ओले झाले होते. मुंगीने ते पाहिलं आणि क्षणभर तिला वाईट वाटलं. तरी ती बोलली.

"आत्या, ही ती नाही."

"काय? मोठ्याने बोल. ओठातल्या ओठात पुटपुटायचं, हेही आईकडचंच."

"ही महाराणी नाही," मुंगी तितक्याच हळू म्हणाली. "ही पाहुणी. हिचा खण धूत होते म्हणून तिच्या खणात होती. हिचे आईबाप कुणालाच माहीत नाहीत."

आत्याचा हात घोडीच्या मानेवर होता, तो तिने मागे घेतला. अस्वलाकडे पाहिलं. अस्वलाने दोन्ही तळवे वर केले. "मी सांगत होतो, बाई. दोनदा सुरुवात केली."

आत्याची नजर घोडीच्या अंगावरून हळूहळू खाली उतरायला लागली, खांद्यावरून पायाकडे, पायावरून खुराकडे.

"मला शंका आलीच होती," ती म्हणाली. "घोटे बघ जरा. जाडच आहेत. मागून रुंदीही कमी आहे. आणि मान तशी आखूडच म्हणायची."

"मघाशी लांब होती," बाप म्हणाला.

एवढं बोलून त्यालाच धक्का बसला असावा. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

तेवढ्यात मालकीण कुरणाकडून आली. हातात दोर, दोराला दुसरी कुमैत घोडी. "अरे! पाहुणीवर कोण बसलंय?" झाला प्रकार कळला तेव्हा तिला हसू आवरेना. पण आत्याचं तोंड बघून तिने ते खोकल्यात बसवलं.

मुंगीने महाराणीलाही न्याय दिला. खांद्याला हात लावला, परवानगी मागितली, चढली. आणि महाराणी चांगलीच होती, खोटं कशाला बोला. पाच वर्षांची, अंगात स्प्रिंग भरल्यासारखी. उडी अशी की खाली अडथळा आहे की जमिनीवर दोरी टाकली आहे ते कळू नये. पण त्याच प्लॅस्टिकच्या कागदाला बुजून ती अर्धं रिंगणभर तिरकी पळाली. मुंगीने अंतर जरा चुकवलं, तर तिने कान मागे पाडले आणि पुढचा अडथळा नाकारला. तिला दोन वर्षं शिकवणारं कुणीतरी हवं होतं, आणि मुंगी अजून स्वतःच शिकत होती.

"हिच्यात किती आहे बघ!" आत्या म्हणाली. "उद्या ही कुठल्या कुठे जाईल."

"जाईल," मुंगी उतरता उतरता म्हणाली. "मी खाली पडलेली असेन."

बोळात, त्या पितळी पाटीसमोर, सगळे उभे राहिले. मालकीण शहाणी होती. ती अस्वलाला घेऊन गवताच्या गंजीकडे गेली आणि तिथे उगाच काहीतरी मोजत राहिली.

"मला पाहुणी हवी," मुंगी म्हणाली. "डॉक्टर तिचे पाय तपासतील, ते बरे निघाले तर. माझ्या साठवलेल्या पैशात ती येते. तुझे नकोत."

"पैशाचं कोण बोलतंय?" आत्याचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की जास्त भीती वाटायची. "ऐक. मी तुझ्याएवढी होते तेव्हा मीही एक बिनकागदाचा घेतला होता. दिसायला असा की लोक थांबून बघायचे. माझ्यावर जीव होता त्याचा. अकराव्या वर्षी त्याचे पुढचे पाय गेले. दोन्ही. मागाहून कळलं, त्याच्या आईचे तसेच गेले होते, आईच्या आईचे तसेच. कागद असता तर मी घेतलाच नसता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसावं लागलं नसतं. त्याचा फोटो भिंतीवर का नाही, माहीत आहे तुला?"

मुंगीला माहीत नव्हतं. बापाला माहीत असावं, तो खाली बघत होता.

आत्या खोटं बोलत नव्हती, आणि चुकीचंही बोलत नव्हती. पायाचं दुखणं पिढ्यांतून उतरतं, हे कुणीही सांगेल. मुंगीने पाहुणीच्या खणाकडे पाहिलं. तो धुऊन झाला होता. दारावर पाटी नव्हती, खडूने नुसतं नाव लिहिलं होतं, आणि तेही पाण्याने अर्धं पुसलं गेलं होतं.

"आत्या, शिंगरू घ्यायचं असतं तर मी आईबापच विचारले असते," ती म्हणाली. "शिंगरात दुसरं वाचायला काही नसतं. हिला तीन हंगाम झालेत. ती किती स्पर्धा खेळली, कुठे घाबरली, कुठे दुखावली, बसणाऱ्याच्या चुकीला काय करते, हे सगळं तिचं स्वतःचं आहे आणि उघड्यावर आहे. ते मघाशी तू वाचलंस. तुला आवडलं. तू टाळी वाजवलीस."

"ती मी..."

"तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाटीने आणलं की घोडीने?"

आत्याने पाटीकडे पाठ केली.

"ती नऊ वर्षांची आहे," मुंगी म्हणाली. "आणि मी सव्वीसची. मलाही तू अजून पाटी वाचूनच बघतेस. पहाटे उठून पोनींची लीद काढली ती मी. पडले ती मी. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले, त्यांनी माझी मांड कधी पाहिली? आणि आईने काय बिघडवलं तुझं? माझ्या प्रत्येक स्पर्धेला ती कठड्यापाशी उभी असते, घोड्यांची भीती वाटते तरी. तिचं नाव तू टाचेपुरतंच घेतेस."

आवाज वर गेला नव्हता. उलट आणखी हळू झाला होता, आणि आत्याला ऐकायला पुढे वाकावं लागलं होतं.

आत्या सरळ झाली. "माझ्या पागेत ती उभी राहणार नाही."

"बरं."

"आणि बिनकागदाच्या घोडीला मी शिकवणारही नाही. स्पर्धेत आमचं नाव लावायचं नाही."

"बरं. कालव्यापलीकडे म्हाताऱ्या पोनींना ठेवतात ना, तिथे एक खण रिकामा आहे. मी विचारून ठेवलाय."

"कधी?"

"तू बिनकागदाचं म्हणालीस, त्याच दिवशी."

आत्याने वंशावळीचा कागद काखेत मारला. "चल रे," भावाला म्हणाली आणि गाडीकडे निघाली.

बाप निघाला नाही. "तू बस गाडीत," तो म्हणाला. "काच उघडी ठेव, उकडेल. मला पोरीला एकदा नीट बघायचंय. मघाशी उडीच्या वेळी मी डोळे मिटले होते."

मालकिणीने होकार दिला. अस्वलाने पाहुणीला पुन्हा बाहेर आणलं. मुंगीने तिच्या खांद्याला हात लावला, डोळे मिटले. या वेळी पूजेबद्दल कुणी काही बोललं नाही. बाप रिंगणाच्या कठड्यापाशी उभा होता, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, जणू स्टुलावर तोच चढला होता.

मुंगीने एक फेरा घेतला. मग घोडीला त्याच तिसऱ्या अडथळ्याकडे वळवलं. अंतर मोजलं, वाट पाहिली, घाई केली नाही. पाहुणीने नीट उडी घेतली. बापाने डोळे मिटले नाहीत.

"टाच!"

गाडीच्या उघड्या खिडकीतून आवाज आला होता. त्यापुढे काही नव्हतं. कुणाकडची, ते आज आवाजाने सांगितलं नाही.

टाच वर गेली होती, हे मुंगीला कळलंच होतं. जाऊ दे. ती आईची नव्हती आणि आजोबांची नव्हती. तिची स्वतःची होती, आणि खाली आणायचं कामही तिचंच होतं. तिने गाडीकडे पाहिलं नाही. पाहुणीच्या मानेवर थाप मारली, तिला वळवलं आणि पुन्हा अडथळ्याकडे तोंड केलं.